हशाची जागा

मध्यंतरी एका छोट्या सभागृहात मी एकटाच हसलो.

वाचायला हे साधं वाटतं. पण पुण्यात, जेमतेम ऐंशी खुर्च्यांच्या सभागृहात, पुढच्या दोन रांगांनी मान वळवून आपल्याकडे बघावं इतक्या मोठ्याने एकट्यानेच हसणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर ती वेळ आली त्यालाच कळेल. शिंक आली तर माणूस रुमाल काढतो, खोकला आला तर खिशात खडीसाखर चाचपतो. एकट्याला फुटलेल्या हशावर मात्र काही इलाज नाही. मी घसा खाकरून तो हशा खोकल्यात वळवायचा प्रयत्न केला, पण तो कुणाला पटला नसावा, कारण बायकोने अंधारात अचूक नेम धरून कोपर मारलं.

कोणत्या वाक्याला हसलो ते पुढे सांगतो. आधी तिथे गेलो कसा ते सांगायला हवं, कारण जाणंही सोपं नव्हतं.

एका तिकिटात तीन नव्या एकांकिका होत्या. नव्या म्हणजे अगदी कोऱ्या. कुणाचा दुसरा प्रयोग, कुणाचा तिसरा. मी जाहिरात वाचून दाखवली तेव्हा घरात जो संवाद झाला तो जवळजवळ दर महिन्याला होतो.

"किती वेळाचं आहे?"

"एकेक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन आहेत."

"कुणाच्या?"

मी तिन्ही लेखकांची नावं वाचली.

"यातलं आपल्याला कोण माहितीये?"

"कुणीच नाही."

"मग कशाला जायचं?"

"म्हणूनच."

हे उत्तर मला त्या क्षणी फार बाणेदार वाटलं. बायकोला वाटलं नाही. तिने रिक्षाचं जाण्यायेण्याचं भाडं, तिकिटाची रक्कम आणि एका एकांकिकेची मिनिटं असं तिथल्या तिथे त्रैराशिक मांडून दाखवलं, त्यात नाटकापेक्षा रिक्षात जास्त वेळ बसायचं असल्याचं निष्पन्न झालं. चौतीस वर्षं बँकेत मी काढली, पण हिशेब तिचा पक्का. शेवटी मी आंब्याचा दाखला दिला. न बघता तीन आंबे घेतले तरी एक गोड निघतोच.

"आणि एक नासका," ती म्हणाली. पण साडी बदलायला गेली.

जुन्या नाटकाला जाताना असा वाद होत नाही. ‘तुझे आहे तुजपाशी’ 1957 सालचं. त्यात कुठे हसायचं हे आपल्या आईवडिलांनी ठरवून ठेवलेलं आहे. काकाजी आत यायच्या आधीच सभागृहातले ओठ सैल व्हायला लागतात, वाक्याच्या अर्धा सेकंद आधी हशा निघतो आणि नटाला बिचाऱ्याला थांबावं लागतं. त्या हशात मीही असतो आणि मनापासून असतो. पण तो हशा मला वडिलोपार्जित मिळालेला आहे. सातबाऱ्यावर नाव लागलंय, कसायला जायचं काम नाही.

नव्या एकांकिकेत ही सोय नसते. वाक्य येतं, आणि निदान अर्धा सेकंद त्या सभागृहात ते वाक्य आणि तुम्ही असे दोघेच असता. परीक्षण आलेलं नसतं, मावशीने फोनवर सांगितलेलं नसतं, व्हॉट्सअॅपवर तो तुकडा फिरलेला नसतो. इथे हसायचंय का गहिवरायचंय, की ही नुसती नटाची चूक आहे आणि आपण शहाण्यासारखं तिकडे दुर्लक्ष करायचंय, हे त्या अर्ध्या सेकंदात ज्याचं त्याने ठरवायचं. बहुतेक माणसं अशा वेळी शेजाऱ्याकडे बघतात. शेजारी आपल्याकडे बघत असतो. तेवढ्यात पुढचं वाक्य येतं.

तीन घंटा झाल्यावर अंधारात बसलेला माणूस इतका एकटा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. गंमत आहे ती यातच, असं माझं मत. ते सगळ्यांचं नाही, हे रिकाम्या खुर्च्या मोजल्या की कळतं.

आता थोडी कबुली. मी कॉलेजात एकांकिका केल्या, असं मी चारचौघांत सांगतो. खरं म्हणजे मी डिमर ओढले. आमच्या वेळी प्रत्येक कॉलेजात एक गट असायचा, त्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट असायची: पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने 1963 साली ही स्पर्धा सुरू केली, आणि तेव्हापासून पुण्यातल्या कॉलेजांतल्या मुलांचा पावसाळा भरत नाट्य मंदिराच्या आसपास जातो. आत एकांकिका, बाहेर घोषणा. ‘अरे, आव्वाज कुणाचा’ या प्रश्नाचं उत्तर देताना घसा गेलेली माणसं आज कंपन्यांच्या संचालक मंडळांवर हळू आवाजात बोलतात.

आमची एकांकिका करंडकाची नव्हे, एका किरकोळ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतली होती. साल 1983. नायक बेकार पदवीधर. त्या काळी एकांकिकेतले सगळेच नायक बेकार पदवीधर असत; नोकरी असलेल्या माणसाला रंगमंचावर प्रवेश नव्हता. शेवटच्या प्रसंगी तो आपलं पदवीचं प्रमाणपत्र टराटरा फाडतो, स्पॉट त्याच्या हातांवर, मग सावकाश काळोख, असं दिग्दर्शकाने मला तीसदा सांगितलं होतं. प्रयोगाच्या दिवशी माझ्या तळहाताला घाम आला आणि डिमरची मूठ सटकली. नायकाने कागद हातात घेतला आणि मिट्ट काळोख झाला. त्या काळोखात, सबंध सभागृहाला ऐकू येईल असा, कागद फाटल्याचा आवाज आला.

विंगेत दिग्दर्शक माझा गळा धरायला आला तेव्हा बाहेर टाळ्या चालू होत्या. परीक्षकांनी मनोगतात त्या काळोखावर चार मिनिटं घेतली. पदवी फाटताना न दाखवता केवळ ऐकवली, यात त्यांना प्रगल्भ संयम दिसला. दिग्दर्शनाचं दुसरं बक्षीस आम्हाला मिळालं. पुढच्या प्रयोगाला दिग्दर्शकाने तीच चूक मला मुद्दाम करायला सांगितली आणि ती मला जमली नाही. काळोख उशिरा झाला, कागद आधीच फाटला, परीक्षकांना तो प्रसंग ढोबळ वाटला.

तेव्हापासून परीक्षकांबद्दल माझ्या मनात एक हळवा कोपरा आहे. परीक्षक हाही एक प्रेक्षकच, फक्त त्याला शेजाऱ्याकडे बघायची मुभा नाही आणि गुण पेनने लिहावे लागतात. 2022 साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. गावात केवढा गहजब झाला! चहाच्या गाड्यांवर, वर्तमानपत्रांत, नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर दोन तट पडले. दोन्ही तटांतल्या बऱ्याच जणांनी त्या वर्षीची एकही एकांकिका पाहिलेली नव्हती. मीही त्यांतलाच, आणि माझंही मत ठाम होतं.

त्याहून मला नवल वाटतं ते सवाईच्या प्रेक्षकांचं. चतुरंग प्रतिष्ठानची ही स्पर्धा प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री होते, म्हणजे 25 जानेवारीच्या रात्री सुरू होऊन एकामागून एक एकांकिका करत पहाटेपर्यंत. वर्षभरात दुसऱ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्यांनाच तिथे शिरकाव, म्हणून सवाई. मी तरुणपणी एकदा पुण्याहून मुंबईला जाऊन ती रात्र काढली. पहाटे चारच्या सुमाराला माणसाला कुठलाच मुखवटा सांभाळता येत नाही. आवडलं नाही तर तो सरळ झोपतो आणि आवडलं तर ओरडतो. माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ थर्मास मांडीत घेऊन घोरत होते. एका एकांकिकेत ते मधेच जागे झाले, शेवटपर्यंत ताठ बसून बघत राहिले आणि मग त्यांनी बायकोला हलवून उठवलं. त्या एकांकिकेला पुढे बक्षीस मिळालं की नाही ते आठवत नाही. माझ्या लेखी निकाल तिथेच लागला होता.

आपल्याकडे छोट्या नाटकाला तसा कमीपणा असायला नको होता. दिवाकरांचंच बघा. हे शंकर काशीनाथ गर्गे, पुण्यातले शिक्षक. 1911 पासून त्यांनी नाट्यछटा लिहायला घेतल्या आणि 1931 साली ते गेले तेव्हा मागे अवघ्या 51 होत्या. एकेक पान-दीड पानाची. एकच माणूस बोलतो, समोरचा काय म्हणाला ते आपण ओळखायचं. शाळेच्या स्नेहसंमेलनात आपल्यापैकी निम्म्या लोकांनी त्यातली एखादी हातवारे करून म्हटलेली असते, आणि ती म्हणताना आपण जगातल्या फार मोठ्या लेखकाशी हातघाईला आलोय हे बाईंनी सांगितलेलं नसतं.

पण मराठी माणसाला लहान चणीचं काही पूर्ण वाटत नाही. एकांकिका चांगली झाली की लेखकाच्या पाठीवर थाप पडते आणि पाठोपाठ वाक्य येतं, "आता याचं दोन अंकी कर." म्हणणाऱ्याला वाटतं आपण आशीर्वाद दिला. गोड, शहाण्या, हसऱ्या चार वर्षांच्या मुलीला ‘आता लवकर लग्न कर’ म्हणण्यासारखं आहे हे. मध्यंतराशिवाय ज्याचा दम टिकतो त्यात मध्यंतर घालायचं, म्हणजे वडे खपतात. बरं, या थापेला दाखले आहेत, म्हणून ती थांबतही नाही. देवेंद्र पेम यांचं ‘ऑल द बेस्ट’ आधी एकांकिकाच होतं. 1993 साली ते मोठं होऊन व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि पुढे काय झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाशिकच्या प्राजक्त देशमुखांची ‘देवबाभळी’ही आधी एकांकिका, मग 2017 साली संगीत नाटक. तुकोबांची आवली आणि लखूबाईच्या रूपात आलेली रखुमाई या दोघीच रंगमंचावर. आवलीच्या पायात काटा रुतलेला. पण त्या बाभळीचं झाड झालं म्हणून प्रत्येक रोपाने झालंच पाहिजे असं कुठे आहे? प्रेमानंद गज्वींच्या ‘घोटभर पाणी’त दोन माणसं आहेत. त्यात तिसरं घालून, दुसरा अंक जोडून, शेवटी तलावाचं नेपथ्य उभं केलं असतं तर तहान वाढली असती का? एकांकिका मधल्या मधे लांबली तर तिला दीर्घांक म्हणायची सोय झालीये, ते त्यातल्या त्यात बरं. माणूस जाड झाला की ‘तब्येत सुधारली’ म्हणतात, त्याच चालीवर.

महेश एलकुंचवारांची गोष्ट मला नव्या नाटकाला जाताना नेहमी आठवते. तरुणपणी नागपुरात ते सिनेमाला गेले होते. तिकीट मिळालं नाही. म्हणून वेळ काढायला नाटकाला शिरले. ते होतं तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’, विजया मेहतांनी बसवलेलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच नाटक बघायला गेले. पुढे 1967 साली ‘सत्यकथे’त त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका आली, ती विजयाबाईंच्या नजरेला पडली, आणि मराठीला नाटककार मिळाला. मला यात चिंता वाटते ती वेगळीच. आता फोनवर दोन मिनिटांत सिनेमाचं तिकीट मिळतं. हाउसफुल्ल झालंच तर पुढच्या खेळाचं मिळतं, त्याच इमारतीत. तिकीट न मिळाल्यामुळे वाट चुकून नाटकाला जाणारा माणूस या शहरात उरलेला नाही. मी तरी आहे, पण मी काही ‘सुलतान’ लिहिणार नाही.

तर त्या संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. पहिली एकांकिका आंब्यांच्या हिशेबातली बाद गेलेली होती. तिच्यात पांढरे मुखवटे होते, एक दोरखंड होता आणि चार ठोकळे होते. ठोकळे कधी घर व्हायचे, कधी थडगं, कधी कॅफे. मुलांनी घाम गाळला होता. संपल्यावर आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या, कारण संपली होती. तिसरीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, बरी होती. मधली ती गोष्ट.

मंचावर एक टेबल, तीन खुर्च्या. टेबलावर एक काळा चौकोनी डबा, त्यात लाल दिवा. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो, त्यामुळे मला दिसलं की ती साबणाची डबी होती, काळ्या रंगाने रंगवलेली. एका बाजूला रंग उडून गुलाबी प्लास्टिक डोकावत होतं. एक म्हातारे गृहस्थ, त्यांचा पन्नाशीतला मुलगा आणि काउंटरमागे एक तरुण कारकून. नोव्हेंबर महिना. आजोबा हयातीचा दाखला द्यायला आलेत.

इथे मी खुर्चीत पुढे सरकलो. नोव्हेंबर म्हणजे काय हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. पेन्शनवाल्या बहुतेकांनी आपण जिवंत असल्याचं दरसाल या महिन्यात सिद्ध करायचं असतं. 2014 पासून ते बोट लावून डिजिटल करायची सोय झाली, आणि सोय म्हटलं की गैरसोय पाठोपाठ आलीच. वय झालेल्या माणसांची बोटं यंत्राला वाचता येत नाहीत. रेषा झिजलेल्या असतात.

तर आजोबा अंगठा लावतात. येत नाही. "पुसून लावा." येत नाही. "तर्जनी बघू." येत नाही. "जरा दाबून, आजोबा." एवढीच एकांकिका. मधे मुलगा फोनवर दुसऱ्या कुणाला तरी अर्ध्या तासात पोचतो म्हणून सांगतोय, आणि त्याचं आजोबांशी थेट काही बोलणं नाही. दोघंही कारकुनामार्फत बोलतात. हळूहळू कळतं की आजोबा सरकारी छापखान्यात कंपोझिटर होते. चाळीस वर्षं खिळे जुळवले. राजपत्राचे रकानेच्या रकाने या बोटांनी उचलले, त्यात लोकांच्या नावबदलाच्या जाहिराती. "कितीतरी दगडूंचे दिनेश झाले," ते कारकुनाला सांगतात, "या हातांनी केले." कारकून पंचविशीचा, त्याला खिळे म्हणजे भिंतीतले. तो म्हणतो, "हं. आता डावा अंगठा."

डावा अंगठा. लाल दिवा. कारकून स्क्रीनकडे बघत म्हणतो, "आजोबा, उमटत नाहीये."

आणि आजोबा अगदी सहज, तक्रार नाही, माहिती दिल्यासारखं म्हणतात, "चाळीस वर्षं लोकांची नावं उमटवली, बाळ. माझं कधी उमटलंय?"

इथे मी हसलो.

ते वाक्य काही विनोदी नाही, हे मलाही मान्य आहे. हसल्यावर अर्ध्या सेकंदातच मान्य होतं. पण काउंटरच्या पलीकडे मी स्वतः बसलोय. एका नोव्हेंबरात एक म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर दहाही बोटं लावून झाल्यावर म्हणाले होते, "साहेब, मी इथे समोर बसलोय की." आणि मी, मोठ्या सौजन्याने, म्हणालो होतो, "तुम्ही बसलाय हो, पण सिस्टिममध्ये दिसत नाही ना." त्या वेळी हे उत्तर मला अत्यंत समंजस वाटलं होतं. इतक्या वर्षांनी ते मला त्या साबणाच्या डबीतून ऐकू आलं आणि जे तोंडातून बाहेर पडलं त्याला बाहेरच्यांनी हशा म्हटलं. मग कोपर.

एकांकिकेचा शेवट असा की मुलगा फोन खिशात टाकतो, रुमाल काढतो आणि बापाचं एकेक बोट पुसायला लागतो. घाईने सुरू करतो. तिसऱ्या बोटाला त्याची घाई संपलेली असते. लहान मुलाचे हात जेवणानंतर पुसतात तसं, पेरांच्या मधे रुमालाचं टोक घालून. कुणी काही बोलत नाही. यंत्र ‘टिंग’ करतं. कारकून म्हणतो, "झालं. आता पुढच्या नोव्हेंबरात." काळोख.

मग तीनेक सेकंद काहीच झालं नाही. नव्या एकांकिकेचा हा आणखी एक पेच: संपली की नाही ते कळत नाही. माझ्यामागे कुणीतरी कुजबुजलं, "संपलं का?" "मला काय विचारतेस?" दुसरं म्हणालं. मग दिवे लागले, तिघं हात जोडून उभे दिसले आणि टाळ्या सुरू झाल्या.

खरी परीक्षा बाहेर असते. चहाच्या टेबलापाशी लेखक उभा असतो. तो आपल्याकडे बघत नसतो, म्हणजे सगळं लक्ष आपल्याकडेच असतं. त्याला काहीतरी सांगायचं. इथे मराठी भाषेची सगळी श्रीमंती आटते. ‘छान झालं’ म्हणजे झालं एकदाचं. ‘विषय वेगळा आहे’ म्हणजे विषयाशिवाय काही नव्हतं. ‘मेहनत दिसते’ हे घरगड्यालाही म्हणता येतं. ‘प्रयत्न चांगला आहे’ याच्यानंतर लेखक महिनाभर लिहीत नाही. ‘थोडं कापता येईल’ हे तीस मिनिटांच्या एकांकिकेबद्दलही ऐकलंय मी, आणि सांगणाऱ्याला तीस मिनिटं कापायची असावीत. पण या सगळ्यांत विषारी वाक्य एकच: ‘नेपथ्य छान होतं.’ लेखकाला हे सांगणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून उठताना यजमानाला ‘पत्रावळी उत्तम होत्या’ म्हणणं.

हे सगळं ज्ञान घेऊन मी त्या मुलीसमोर उभा राहिलो. सडपातळ, चष्मा, पाठीवर ऑफिसची सॅक. दिवसा कुठल्याशा कंपनीत काम करते, रात्री लिहिते.

"काका, तुम्हीच हसलात ना मगाशी?"

मी गुन्हा कबूल केला.

"पहिल्या दोन प्रयोगांत त्या वाक्याला काहीच झालं नाही. एकदम सपाट. दिग्दर्शक म्हणतो, काढून टाकू. आज शेवटचं ठेवून बघत होतो." मग थोडं थांबून तिने विचारलं, "तुम्हाला का हसू आलं?"

सांगण्यासारखं किती होतं माझ्याजवळ! तो नोव्हेंबर, ते गृहस्थ, माझं समंजस उत्तर. तिसऱ्या बोटाला मुलाची घाई संपते, हे तिने लिहिलंय की नटाला सापडलं, तेही विचारायचं होतं. याचं चुकूनही दोन अंकी करू नकोस, हे बजावायचं होतं. ती चष्म्याआडून माझ्याकडे बघत होती, चहा निवत होता, मागे रांग लागली होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "ती साबणाची डबी फार छान होती."

रिक्षात बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "निदान ‘विषय वेगळा’ तरी म्हणायचंत."

चार महिन्यांनी तीच एकांकिका एका स्पर्धेत होती. या वेळी तिकिटांचा विषय बायकोनेच काढला. "ते साबणाच्या डबीचं आहे ना? जाऊ या." रिक्षाचा हिशेब झाला नाही. सभागृह मोठं होतं, चारशे तरी माणसं, मागे कॉलेजची मुलं घोषणा देऊन देऊन दमलेली. डबीला नवा काळा रंग दिलेला होता. म्हणजे माझी दाद पोचली होती. जिथे पोचवायची नव्हती तिथे.

मी त्या वाक्याची वाट बघत बसलो. या वेळी हसायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं, आणि हसू येईल याची धास्तीही होती. दगडूंचे दिनेश झाले. तर्जनी झाली. डावा अंगठा झाला. कारकून स्क्रीनकडे बघत म्हणाला, "आजोबा, उमटत नाहीये."

वाक्य आलंच नाही. काढलं होतं. दिग्दर्शक जिंकला होता.

पण जागा ठेवली होती. वाक्य मावेल एवढी, तंतोतंत. आजोबांनी बोलायला तोंड उघडलं, मिटलं. मग डावा अंगठा डोळ्यांजवळ नेला आणि उजेडात जरा फिरवून पाहिला. कंपोझिटर खिळा उचलून त्याचं तोंड उलट आहे की सुलट ते बघतो, तसा. कुठूनतरी मागून एक लहानसा हशा आला. एकाच माणसाचा. चारदोन माना तिकडे वळल्या.

मी हसलो नाही. शेजारी बायकोने कोपर तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. थोड्या वेळाने तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "इथे आधी काहीतरी होतं ना?"